वाकलेल्या नेकची गिटार टाकू नका: कमी पैशात लॅप स्टील कशी निवडायची

मागच्या वर्षी कापसाची पहिली वेचणी आटोपली तेव्हा गावातला एक बारावीतला पोरगा माझ्या दुकानात आला. दारव्हा तालुक्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्या दिवसांत रब्बीचं ओलीत सुरू झालेलं असतं, रात्रीची लाइन, पडलेलं व्होल्टेज, आणि माझ्या दारात जळालेल्या मोटारींची रांग. त्या मोटारींमधून वाट काढत तो आत आला आणि म्हणाला, "काका, मले तुमच्यावानी मांडीवरची गिटार घ्याची हाये. च्यार हजार जमले. येते का त्याच्यात?"

"येते," मी म्हटलं. "पन पैसे द्याच्या आधी मले इचार."

त्याला तीन-चार संध्याकाळी बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितो. मी घेतली तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं आणि माझे साडेपाच हजार रुपये एका चुकीच्या गिटारीत गेले. ते कसे गेले ते पुढे येईल.

आधी वाद्य कोणतं ते. ही गिटार, म्हणजे लॅप स्टील, मांडीवर आडवी ठेवतात, तारा वर आभाळाकडे. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारेवर नुसती टेकवून सरकवायची. तिला बार म्हणतात. तार दाबायची नाही. तारा लाकडापासून बोटभर उंच असतात, म्हणून बार खाली लागत नाही. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू याने ही पद्धत रुजवली. विजेवर चालणाऱ्या ज्या गिटारी सगळ्यात आधी बाजारात आल्या, त्यांत १९३२ साली अमेरिकेत विकायला आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' होती, आणि ती मांडीवरचीच होती. आपल्या देशात हे वाद्य कोलकात्यात मुरलं. इथल्या दुकानदाराला 'लॅप स्टील' म्हटलं तर तो गोंधळतो, 'हवाईयन गिटार' म्हटलं की लगेच कळतं. ऑनलाइन शोधताना मात्र दोन्ही नावं टाका.

माझ्या लहानपणी आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये थोडा वेळ उरला की सिनेमाचं गाणं गिटारीवर वाजवलेलं लावत. व्हॅन शिपली, सुनील गांगुली ही नावं तेव्हा माहीत नव्हती, पण तो आवाज माहीत होता. बाप वावरातून आला की रेडिओ लावायचा, आणि तो आवाज आला की मी जेवता जेवता थांबायचो. पुढे भजन मंडळात बसायला लागलो तेव्हा कळलं की ते गिटारीचं गाणं म्हणजे मींड आहे. पेटीवर रे वरून ग वर उडी मारावी लागते. गळा मात्र रे वरून ग वर घसरत जातो, आणि ही कांडीही तशीच जाते. राष्ट्रसंतांचं भजन खंजिरीवर चाललेलं असताना गाणाऱ्याच्या मागे ही गिटार असली तर दुसरा गळा साथीला आल्यासारखं वाटतं. म्हणून मला ती गावागावातल्या मंडळात पाहायची आहे, आणि म्हणूनच इतकं लिहितो आहे.

आता पैशाची गोष्ट. चार हजारांत नवी, चांगली, विजेवर चालणारी लॅप स्टील मिळेल अशी आशा धरू नका. पण चार हजारांच्या आत उत्तम वाजणारी मांडीवरची गिटार नक्की होते. ती अशी की कोणाची तरी टाकून दिलेली साधी गिटार घ्यायची.

साधी, म्हणजे उभी धरून वाजवतात ती स्पॅनिश गिटार, तीन कारणांनी माळ्यावर जाते. एक, नेक, म्हणजे गिटारीचा लांब दांडा, धनुष्यासारखा वाकतो. दोन, त्यामुळे तारा उंच होतात आणि दाबता दाबता बोटं सोलतात. तीन, पडदे, म्हणजे फ्रेट, झिजतात आणि तार खरखर करते. या तिन्ही खोडी उभ्या गिटारीला जीवघेण्या आहेत, आणि मांडीवरच्या गिटारीला यांतली एकही लागत नाही. आपण पडद्याला हातच लावत नाही. तार उंच पाहिजेच आहे. नेक थोडा वाकला असला तरी बार वरच्या तारेवर चालतो, खालच्या लाकडावर नाही. म्हणून ज्या गिटारीला दुकानदार "हे आता बेकार झालं" म्हणतो, ती आपल्या कामाची असू शकते. तालुक्याच्या गावात, मास्तरांच्या घरी, होस्टेल सोडलेल्या पोरांकडे अशा गिटारी पडलेल्या असतात. विचारत राहा.

पण काही खोडी अशा आहेत की तिथे पाऊल मागे घ्यायचं. सगळ्यात मोठी म्हणजे ब्रिज. पोटावर चिकटवलेली लाकडाची जाड पट्टी, जिथे तारांची खालची टोकं अडकवतात, ती. सहा तारा सुरात लावल्या की त्यांची मिळून ओढ साधारण सत्तर किलोची होते, सिमेंटच्या पोत्यापेक्षा जास्त, आणि ती सगळी त्या पट्टीवर. वहीचा कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या काठाखाली सरकवून पाहा. कोपऱ्यात नखभर गेला तर चालेल. दोन-तीन मिलिमीटर आत गेला तर गोंद सुटायला लागला आहे. मग गिटार डोळ्यासमोर आडवी धरून पोट पाहा. ब्रिजच्या मागे थोडा फुगवटा असतोच, पण वाटीसारखं उठलं असेल तर ठेवून द्या. नेक जिथे अंगाला जोडला आहे त्या सांध्यातही कागद घालून पाहा. तिथे फट असेल तर ती गिटार फुकटही घेऊ नका.

हे मी का सांगतो? आमच्या मंडळात एका बदली झालेल्या मास्तरांनी सोडलेली गिटार होती. मी तिच्या तारा उंच केल्या आणि एक व्हिडिओ पाहून ए च्या सुरात लावल्या. त्यात मधल्या तीन तारा नेहमीपेक्षा वर ओढाव्या लागतात. गिटार ओसरीवर, टिनाच्या पत्र्याखाली टांगलेली. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा. आम्ही आत जेवत होतो आणि ओसरीवर काठी मोडल्यासारखा आवाज झाला. जाऊन पाहतो तर ब्रिज सहाच्या सहा तारांसकट उखडून लोंबत होता, आणि पोटाच्या लाकडाचा पापुद्रा त्याच्यासोबत निघाला होता. गोंद उन्हात मऊ पडला होता, आणि ओढ मी वाढवली होती. विदर्भात गिटार घेणाऱ्याने ही एक गोष्ट मनात पक्की धरावी: तारा खाली उतरवून लावता येतात असाच सूर निवडायचा.

तो सूर म्हणजे डी चा. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. साध्या लावलेल्या गिटारीवरून इथे यायला एकही तार वर ओढावी लागत नाही. सगळ्यात बारीक तार पहिली आणि सगळ्यात जाड सहावी धरली, तर सहावी, दुसरी आणि पहिली एक-एक स्वर उतरते, तिसरी अर्धा स्वर उतरते, पाचवी आणि चौथी जागेवर राहतात. ब्रिजवरची ओढ कमी होते. आणि आपल्या भाषेत सांगायचं तर पेटीची पांढरी दोन हा सा धरला की या सहा तारा सा, प, सा, ग, प, सा होतात. गिटार नुसती उघडी छेडली तरी तंबोऱ्यासारखी भरून वाजते. तुमचा गाणारा काळी एकमध्ये गात असेल तर सगळ्या तारा अजून अर्धा स्वर उतरवा. ओढ आणखीच कमी. काळी दोनमध्ये गात असेल तर तारा वर ओढू नका, पहिल्या पडद्यावर बार ठेवून सा धरा.

आता साध्या गिटारीला मांडीवरची करायला काय लागतं. वरच्या टोकाला, खुंट्यांच्या जवळ, जिथून तारा नेकवर उतरतात त्या पट्टीला नट म्हणतात. त्यावर बसवायचा धातूचा उंच नट मिळतो, नट एक्स्टेंडर नावाने. मी तीनशेच्या आसपास देऊन घेतला होता. तो तारांखाली सरकवायचा, तारा त्याच्या खाचांत बसवायच्या आणि ताणायच्या. चिकटवायचं काही नाही, उद्या काढला की गिटार पुन्हा साधी. तारा आठ ते दहा मिलिमीटर उंच झाल्या की पुरे.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी दुकानदार सांगत नाही आणि जिच्यामुळे नवे लोक वाद्य सोडून देतात. साध्या गिटारीच्या तारा एका पातळीत नसतात. नेकची पट्टी मधून किंचित गोल असते, म्हणून मधल्या तारा थोड्या वर आणि कडेच्या थोड्या खाली असतात. आपला बार सरळ आहे. सरळ बार गोल तारांवर ठेवला की मधल्या दोन तारांना टेकतो आणि कडेच्या तारा झणझणतात. शिकणाऱ्याला वाटतं आपला हात वाईट आहे. मग तो जोर लावतो, आणि जोर लावला की स्वर चढतो.

तपासायचं कसं? शाळेच्या दप्तरातली स्टीलची पट्टी घ्या. ती उभ्या काठावर सहाही तारांवर आडवी ठेवा, आधी नटजवळ, मग मध्ये, मग ब्रिजजवळ. खाली डोकं करून उजेडाकडे पाहा. पट्टी आणि तार यांच्यामध्ये कुठे उजेड दिसतो? नटजवळ उंच नट बसवल्यावर सगळं सपाट होतं, कारण तो सपाटच केलेला असतो. ब्रिजजवळ मात्र उजेड दिसणारच, कारण ब्रिजमधली पांढरी हाडासारखी पट्टी, सॅडल, वरून गोल घासलेली असते. तारा ढिल्या करून ती काढा, तिच्या मापाची नवी, जरा उंच पट्टी घ्या, आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून तिचा वरचा काठ सरळ घासा. अर्धा तास लागतो. पुन्हा स्टीलची पट्टी ठेवून पाहा. उजेडाची रेघ संपली की बार सहाही तारांवर लोण्यासारखा बसतो. या अर्ध्या तासाने गिटारीत जो फरक पडतो तो दोन हजार रुपये जास्त देऊन पडत नाही. नवी लॅप स्टील घेतानाही ही स्टीलची पट्टी खिशात घेऊन जा. मी दुकानात हीच परीक्षा सगळ्यात आधी करतो.

दुसरी परीक्षा टेपची. माझे साडेपाच हजार इथे गेले. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी 'हवाईयन' म्हणून नवीकोरी गिटार आणली होती. पॉलिश सुंदर, पट्टीवर पडद्यांच्या जागी पांढऱ्या रेघा. घरी आणून पेटीसोबत लावली. उघडी तार पेटीशी जुळायची, पण बाराव्या रेघेवर बार ठेवला की वरचा सा उतरलेला. सातव्या रेघेवरचा पंचमही थोडा खालीच. पंधरा दिवस मी माझ्या कानाला दोष देत राहिलो. मग दुकानातला टेप काढून मोजलं. नटपासून बाराव्या रेघेपर्यंत साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. बाराव्या रेघेपासून ब्रिजपर्यंत साडेएकोणतीस. हे दोन आकडे सारखे पाहिजेत, कारण बारावी रेघ तारेच्या बरोबर मध्यावर असते, तिथे तार अर्धी झाली की स्वर दुप्पट होतो. एक सेंटीमीटरने ब्रिज मागे बसला होता. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "हवाईयन में चलता है, कान से बजाओ." नाही चालत. मुरलेला वादक कानाने सावरून घेईल, पण शिकणारा सुरुवातीला डोळ्याने रेघ पाहून बार ठेवतो, आणि रेघच खोटी असेल तर त्याचा कान बिघडतो. म्हणून पैसे काढायच्या आधी टेप काढा. एक-दोन मिलिमीटरचा फरक सोडा, त्याच्या वर असेल तर दुसरी पाहा. साधी जुनी गिटार या परीक्षेत बहुतेक पास होते, कारण तिचे पडदे कारखान्यात मोजून ठोकलेले असतात.

बार दुकानातून घेता येतो, पण मी लेथवाल्याकडून करून घेतला. वीस मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा गोल रॉड, पंचाहत्तर मिलिमीटर लांब कापलेला, एक टोक गोळीसारखं गोल. वजन जवळजवळ एकशे पंच्याऐंशी ग्रॅम भरतं, आणि ते बरोबर आहे. हलका बार घेऊ नका. हलक्या बारला दाबावं लागतं, वजनदार बार स्वतःच्या वजनाने तारेवर बसतो आणि हाताला फक्त सरकवायचं काम उरतं. लेथवरून आलेल्या रॉडवर बारीक गोल गोल चरे असतात, ते तारेवर फिरले की किरकिर ऐकू येते. चारशेचा, मग आठशेचा, मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून फिरवा आणि शेवटी ब्रासोने पुसा. त्यात स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला की झालं. लेथवाल्याने माझ्याकडून दीडशे रुपये घेतले आणि विचारलं, "कोणत्या मशीनची पिन हाये ही?"

तारा नव्याच टाका, जुन्या गंजक्या तारांवर कोणतीही गिटार मेलेली वाजते. साध्या गिटारीला ०.०१२ इंचापासून ०.०५३ इंचापर्यंतचा संच डी च्या सुरात छान बसतो. यापेक्षा बारीक संच घेतला तर उतरवल्यावर तारा ढिल्या पडतात आणि बारखाली वळवळतात.

आता ज्यांच्याकडे आठ-दहा हजार आहेत आणि ज्यांना मांडवात, माइकच्या गर्दीत वाजवायचं आहे, त्यांनी विजेवरची भरीव लाकडाची लॅप स्टील घ्यावी. तिला पोट नाही, चिकटवलेला ब्रिज नाही, म्हणून आपल्या उन्हाळ्यात ती निर्धास्त राहते. लांबी कमी असते, बहुतेकींच्या तारेची मोजलेली लांबी साडेबावीस इंच असते, म्हणून एसटीत मांडीवर घेऊन येता येते. मात्र तार आखूड असल्यामुळे त्याच सुराला ओढ कमी पडते. डी लावायचा तर पहिली तार ०.०१४ किंवा त्याच्या आसपासची घ्या. आणि एक चूक करू नका: साध्या गिटारीचा तांबूस रंगाचा, कांस्याचा संच विजेच्या गिटारीवर चढवू नका. तिचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबकाचा भाग, लोखंड-निकेल ओळखतो, कांस्य ओळखत नाही. जाड तारा दबक्या आणि बारीक तारा कर्कश असं वाजतं, आणि माणूस पिकअपला शिव्या देतो.

पिकअप हा माझ्या हातचा विषय आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, बस. पंपाच्या मोटारीत मी जे करतो त्याचंच हे लेकरू आहे. लोखंडी तार चुंबकावर हलली की वेढ्यांत किंचित वीज उठते, तीच आवाज होते. जुनी गिटार घ्यायला जाताना मल्टिमीटर सोबत न्या. गिटारीत केबल लावा, आवाजाचं बटण पूर्ण उघडा, मीटर किलो-ओहमवर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या पिनचं टोक आणि मागचा भाग यांवर दोन काड्या लावा. पाच ते बारा किलो-ओहमच्या मध्ये आकडा आला तर कॉइल जिवंत आहे. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच आलं नाही तर कॉइल तुटली असेल किंवा आतला जोड सुटला असेल. जोड सुटला असेल तर दहा रुपयांचं काम आहे, कॉइल तुटली असेल तर त्या हिशेबाने भाव करा. बॅटरी टाकायची गिटार असेल तर ही परीक्षा लागू पडत नाही, तिथे वाजवूनच पाहावं लागतं.

विजेच्या गिटारीला घुमी लागते, म्हणजे मागे सारखा घुंऽऽ आवाज. एकाच कॉइलचा पिकअप असेल तर ती जास्त, दोन उलट्या कॉइलचा, ज्याला हंबकर म्हणतात, त्यात फार कमी. गावात मोटारीचे स्टार्टर, चोक असलेल्या ट्यूबलाइट, ढिले न्यूट्रल, सगळंच असतं, म्हणून पैसे सारखेच पडत असतील तर हंबकरची घ्या. तारेला हात लावल्यावर घुमी कमी होत असेल तर काळजी नाही, वायरिंग बरोबर आहे.

पण तारेला हात लावल्यावर मुंग्या आल्या, हलका झटका बसला, तर त्याच क्षणी वाजवणं थांबवा. गिटारीच्या तारा केबलमधून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. त्या पत्र्यात वीज उतरली असेल आणि घरात अर्थिंग नसेल तर ती तुमच्या हातातून जमिनीत जाते. गणपतीच्या मांडवात ओल्या मातीवर, अनवाणी, हातात पोलादाचा बार. मी झटका बसलेली माणसं पाहिली आहेत. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर लावून पाहा, तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा करू नका, आणि मांडवाच्या लाइनवर गळती पकडणारा ब्रेकर लावायला सांगा. लोक म्हणतील किती बारीकसारीक पाहतो हा. म्हणू द्या.

देवळातल्या मशीनमध्ये, ज्यात माइक लावतात, गिटार थेट खोचली तर आवाज मातकट येतो. गिटारीचा पिकअप फार नाजूक वीज देतो आणि माइकचं तोंड ती पिऊन टाकतं. मध्ये छोटा प्रीॲम्प किंवा डीआय बॉक्स, म्हणजे ती नाजूक वीज सांभाळून माइकच्या तोंडाला देणारा डबा, ठेवा. बजेट करताना हा खर्च आधीच धरा, नाहीतर नवी गिटार पहिल्या कार्यक्रमात फिकी पडते. घरी वाजवायला चार्जिंगचा लहानसा गिटार ॲम्प पुरतो, लाइन गेली तरी सूर थांबत नाही.

आठ तारांची गिटार पहिल्यांदा घेऊ नका. तिचे संच आपल्या भागात मिळत नाहीत, एक तार तुटली की कुरियरची वाट पाहत बसावं लागतं. पोटात धातूची थाळी असलेली रेझोनेटर गिटार आवाजाने मोठी आणि देखणी असते, पण स्वस्तातल्या रेझोनेटरची थाळी खडखडते. विश्वमोहन भट्टांची वीस तारांची मोहनवीणा ऐकून पुष्कळ जण तीच मागतात. ऐका, रोज ऐका, पण सहा तारा सुरात ठेवता येईपर्यंत वीसच्या मागे जाऊ नका.

आणखी एक. गिटार घेताना दुकानातल्या स्टुलावर बसून पाहू नका, खाली सतरंजीवर मांडी घालून बसा, कारण भजनात तसंच बसायचं आहे. मांडी घातल्यावर आखूड लॅप स्टील डुगडुगते आणि पुढे घसरते. साधी गिटार पोटामुळे बसते, पण तिचा नेक एका बाजूला वर उठतो. मी जेवायचा पाट घेतला, त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे चिकटवले, आणि पाट मांड्यांवर ठेवून त्यावर गिटार ठेवतो. रबरामुळे ती जागची हलत नाही. तुम्ही तुमच्या बसण्याप्रमाणे पाहा, पण पाहूनच घ्या.

त्या पोराला दिग्रसमध्ये एका घरी माळ्यावर गिटार मिळाली. नेक असा वाकलेला की बाराव्या पडद्यावर बोट आत जायचं. बाराशे रुपये. ब्रिजखाली कागद गेला नाही, टेप दोन्हीकडे सारखा आला. उंच नट, तारा, सॅडलची पट्टी आणि बार धरून एकवीसशेत काम झालं. उरलेल्या पैशात मी त्याला गिटार ठेवायची कडक पेटी घ्यायला लावली, कारण एसटीच्या कॅरिअरवर गिटार टाकली की खुंट्या मोडतात.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी गाणं वाजवायला जाऊ नका. कोणाला तरी पेटीवर पांढरी दोन धरायला सांगा आणि फक्त पहिली तार छेडा. दोन स्वर जवळ आले की त्यांच्यात वॉव-वॉव अशी लहर उठते. खुंटी हळू फिरवा, लहर संथ होत जाईल आणि शेवटी थांबेल. मग बार घ्या. बार पडद्याच्या बरोबर डोक्यावर ठेवायचा, दोन पडद्यांच्या मध्ये ठेवायचा नाही. त्याच एका तारेवर दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी, बाराव्यावर वरचा सा. पेटीवाल्याने प्रत्येक स्वर धरून ठेवायचा आणि तुम्ही खालून घसरत त्याच्यापर्यंत जायचं. आठ दिवस एवढंच करा, मग दुसरी तार.